‘ब्लू-ब्लडेड’ : एका इंग्रजी विशेषणाची हकीकत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता. उताऱ्यात एका उमरावाचे वर्णन करताना ‘ब्लू-ब्लडेड’ असे विशेषण आले. मी फळ्यावर अर्थ लिहिला : ‘उच्च कुळात जन्मलेला, खानदानी’. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, रक्त तर लालच असते. मग निळे कोणाचे?” सारा वर्ग हसला. मीही हसलो, पण मला उत्तर देता आले नाही. “तो वाक्प्रचार आहे, पाठ करा,” एवढे सांगून मी पुढच्या ओळीकडे वळलो. शिक्षकाने दिलेले हे उत्तर खरे उत्तर नसते, हे शिक्षकालाच सर्वांत जास्त ठाऊक असते. त्या मुलाचे देणे फेडावे म्हणून मी शोध घेऊ लागलो. तो शोध मला इंग्लंडात न नेता थेट स्पेनच्या टोलेडो, कोर्दोबा आणि ग्रॅनडा या शहरांत घेऊन गेला, आणि तिथून परत आपल्या गोव्याला आणि मुंबईला.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘ब्लू’ म्हणजे निळे, ‘ब्लड’ म्हणजे रक्त, आणि शेवटी लागलेला ‘एड्’ हा प्रत्यय ‘ते असलेला’ असा अर्थ देतो. आपल्याकडे ज्याचा कंठ निळा तो नीलकंठ, तसाच हा बहुव्रीही समास आहे : निळे आहे रक्त ज्याचे तो. इंग्रजीत असे शब्द शेकड्यांनी आहेत. थोर मनाचा, आखूड दृष्टीचा, रिकाम्या डोक्याचा, या सर्वांसाठी इंग्रज याच साच्यातून शब्द पाडतो. म्हणजे व्याकरणाचे कोडे सोपे आहे. कोडे आहे ते रंगाचे.

इंग्रजी कोशकार सांगतात की ‘ब्लू ब्लड’ हा शब्दप्रयोग मूळचा इंग्रजी नाही. स्पॅनिश भाषेतील ‘सांग्रे अझुल’ या शब्दांचे ते सरळ भाषांतर आहे. सांग्रे म्हणजे रक्त आणि अझुल म्हणजे निळे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रयोग इंग्रजीत रुळू लागला. मारिया एजवर्थ या आयर्लंडमधील प्रसिद्ध लेखिकेच्या १८३४ साली निघालेल्या ‘हेलन’ या कादंबरीत तो मूळ स्पॅनिश शब्दांसह आलेला आहे. पुढे त्यापासून ‘ब्लू-ब्लडेड’ हे विशेषण झाले आणि युरोपातील कोणत्याही राजघराण्याला, सरदार घराण्याला ते लावले जाऊ लागले.

परंतु स्पेनमध्ये त्याचा अर्थ नुसता ‘थोर घराण्यातला’ एवढाच नव्हता. कॅस्टिल प्रांतातील काही जुनी घराणी अभिमानाने सांगत की आमच्या वंशात मूर किंवा यहुदी रक्ताचा थेंबही मिसळलेला नाही. मूर म्हणजे स्पेनमधील मुसलमान. पुरावा काय? तर आमची कातडी इतकी गोरी आहे की मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात! सावळ्या माणसाच्या हातावर त्या तशा उठून दिसत नाहीत. हे ‘निळ्या रक्ताचे’ मूळ बहुधा असे आहे, असे कोशकारांचे मत आहे. तेव्हा या विशेषणात कोण थोर आहे यापेक्षा कोण बाटलेला नाही, याची मोजदाद अधिक आहे. असा शब्द एखाद्या समाजात का जन्माला यावा, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे भाग आहे.

आठशे वर्षांची सोबत

इ. स. ७११ मध्ये तारिक बिन झियाद समुद्र ओलांडून स्पेनच्या किनाऱ्यावर उतरला. ज्या डोंगराशी तो उतरला त्याला ‘जबल तारिक’ म्हणजे तारिकचा डोंगर हे नाव पडले. आजचे जिब्राल्टर ते हेच. ७५६ मध्ये उमय्या घराण्यातील अब्दुर्रहमान याने कोर्दोबा येथे आपली सत्ता स्थापली, आणि ९२९ मध्ये त्याच्याच वंशातील तिसऱ्या अब्दुर्रहमानने खलिफा ही पदवी धारण केली. त्या काळी पश्चिम युरोपात कोर्दोबाच्या तोडीचे शहर नव्हते. शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिणारा अबुल कासिम अझ्-झहरावी याच परिसरातला. तत्त्ववेत्ता इब्ने रुश्द ११२६ साली कोर्दोब्यातच जन्मला, आणि यहुदी धर्माचा थोर भाष्यकार व वैद्य मूसा बिन मैमून, ज्याला युरोप मायमोनिडीज म्हणतो, तोही त्याच शतकात त्याच शहरात जन्मला.

१०८५ साली टोलेडो शहर कॅस्टिलचा राजा सहावा अल्फान्सो याच्या हाती गेले. राजा बदलला, पण ग्रंथ राहिले. पुढच्या शतकात इटलीहून क्रेमोनाचा जेरार्ड नावाचा विद्वान त्या ग्रंथांच्या ओढीने टोलेडोला आला, अरबी शिकला आणि ११८७ मध्ये मरेपर्यंत भाषांतरे करीत राहिला. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ आणि इब्ने सीनाचा वैद्यकग्रंथ त्याने अरबीतून लॅटिनमध्ये नेले. युरोपच्या विद्यापीठांत नंतर कित्येक शतके हेच ग्रंथ शिकवले गेले.

हा काळ निव्वळ गुण्यागोविंदाचा होता असे मात्र कोणी समजू नये. लढाया झाल्या, लुटालूट झाली, दोन्ही बाजूंनी जुलूम झाले. मूसा बिन मैमूनच्या कुटुंबाला कोर्दोबा सोडावे लागले ते अलमोहाद या मुसलमान राज्यकर्त्यांच्या सक्तीमुळेच. पण एवढ्या दीर्घ सहवासात माणसे एकमेकांत मिसळली हे निर्विवाद आहे. खलिफा तिसरा अब्दुर्रहमान याची आजी पाम्प्लोनाच्या ख्रिस्ती राजाची मुलगी होती, आणि त्याची आईही मूळची ख्रिस्ती. उलट टोलेडो जिंकणाऱ्या अल्फान्सो राजाचा मुलगा सांचो हा सेव्हिलच्या मुसलमान राजघराण्यातील झैदा हिच्या पोटचा. तोच गादीचा वारस होता, पण ११०८ मध्ये उक्लेसच्या लढाईत मारला गेला. राजवाड्यात ही स्थिती, तर बाजारपेठेत आणि शेतावर काय असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

रक्ताची शुद्धता

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटले. १३९१ साली स्पेनच्या अनेक शहरांत यहुद्यांवर हल्ले झाले आणि जिवाच्या भीतीने हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला म्हणजे भेद मिटायला हवा होता. ख्रिस्ती धर्माची शिकवण तीच होती. पण हे ‘नवे ख्रिस्ती’ दरबारात, व्यापारात, महसुलाच्या कामात पुढे येऊ लागले तसा जुन्यांना त्यांचा मत्सर वाटू लागला. १४४९ साली टोलेडोत करावरून दंगल झाली, तिचे खापर नव्या ख्रिस्त्यांवर फोडले गेले आणि पेरो सार्मिएंतो याच्या पुढाकाराने शहराने एक ठराव केला : यहुदी वंशातून आलेल्या कोणालाही शहरात अधिकाराची जागा मिळणार नाही. त्याचा धर्म कोणता, आचरण कसे, हे पाहायचे नाही. रक्त पाहायचे. पोप पाचवा निकोलस याने त्याच वर्षी या ठरावाचा निषेध केला. तरीही कल्पना मेली नाही. तिला नाव मिळाले ‘लिम्पिएझा दे सांग्रे’, रक्ताची शुद्धता.

नंतरच्या शंभर वर्षांत ही अट सरदारांच्या लष्करी संघटनांत, चर्चच्या कारभारात, आणि शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत वाईट म्हणजे, विद्यापीठांच्या मोठ्या वसतिगृह-महाविद्यालयांतही शिरली. प्रवेश हवा असेल तर आजोबा-पणजोबांची शुद्धता सिद्ध करायची. त्यासाठी चौकशी करणारे अधिकारी उमेदवाराच्या मूळ गावी जात आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या साक्षी घेत. ‘याचा पणजा शनिवार पाळत असे’ किंवा ‘याच्या घरात डुकराचे मांस शिजत नसे’ एवढे कोणी म्हटले की मुलाचे भवितव्य संपले. चौकशीचा खर्च उमेदवारानेच सोसायचा. साहजिकच खोट्या वंशावळी, विकत घेतलेले साक्षीदार आणि जुनी वैरे यांना ऊत आला.

१५४७ मध्ये टोलेडोच्या मुख्य चर्चमध्ये ही अट लागू करणारा आर्चबिशप सिलिसिओ स्वतः गरीब शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याच्यापाशी कुळाचा थाट नव्हता, पण ‘शुद्ध रक्त’ होते. गंमत अशी की बड्या सरदारांची पंचाईत शेतकऱ्यापेक्षा मोठी होती, कारण पूर्वीच्या काळी त्यांच्याच घराण्यांनी श्रीमंत यहुदी कुळांशी सोयरिकी केल्या होत्या. १५६० च्या सुमाराचे ‘तिझोन दे ला नोब्लेझा’ नावाचे एक प्रकरण प्रसिद्ध आहे. कार्डिनल मेंदोझा याच्या नावावर असलेल्या त्या लेखात स्पेनमधील बहुतेक नामांकित घराण्यांच्या वंशावळी उकरून काढून त्यांतील यहुदी-मूर पूर्वज दाखवून दिले आहेत. निळ्या रक्ताची बढाई मारण्याची गरज का पडली, हे यावरून उमगते. ज्याला स्वतःच्या रक्ताविषयी खात्री असते तो मनगट दाखवत फिरत नाही.

मुसलमानांचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रॅनडा शरण आले. त्याआधीच्या तहात मुसलमानांचा धर्म, मशिदी, मालमत्ता आणि कायदा अबाधित ठेवण्याचे वचन होते. त्याच वर्षी यहुद्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम निघाला. १४९९ नंतर कार्डिनल सिस्नेरोसच्या हाताखाली ग्रॅनडात सक्तीची धर्मांतरे झाली आणि अरबी ग्रंथांची होळी पेटली. १५०२ मध्ये कॅस्टिलच्या मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच दोन मार्ग उरले. या धर्मांतरितांना ‘मोरिस्को’ म्हणत. १५६७ साली दुसऱ्या फिलिपने त्यांची अरबी भाषा, त्यांचा पोशाख, त्यांची नावे आणि हमामखानेसुद्धा बंद केले. बंड झाले, ते चिरडले गेले. शेवटी १६०९ ते १६१४ या पाच वर्षांत सुमारे तीन लाख मोरिस्कोंना हद्दपार करण्यात आले. कागदोपत्री ते ख्रिस्ती होते, त्यांतील कित्येक मनानेही ख्रिस्ती होते. रक्त आडवे आले.

व्हॅलेन्सिया प्रांताची सुमारे एक तृतीयांश वस्ती यात गेली. पाटाच्या पाण्यावर भात आणि ऊस पिकवणारे हात गेले, शेते ओस पडली, जमीनदार कर्जात बुडाले. निर्वासितांना आसरा देणाऱ्या ट्यूनिस शहरात मात्र त्यांनी लाल लोकरी टोप्यांचा धंदा भरभराटीस आणला.

गोव्याच्या किनाऱ्यावर

हे सारे दूरदेशचे आहे, असे वाटेल. परंतु रक्ताची ही चौकशी जहाजात बसून आपल्या किनाऱ्यावरही आली होती. १५३४ साली गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यास आला. त्याचे आईबाप स्पेनमधून हाकललेले यहुदी. पोर्तुगालमध्ये आल्यावर त्यांना ख्रिस्ती व्हावे लागले होते. तो सालामांका आणि अल्काला येथे शिकला होता, अरबी वैद्यकग्रंथांचा जाणकार होता. अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निझामशहा याच्या दरबारी त्याची ये-जा होती, सुलतानावर त्याने उपचारही केले. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात आपल्याकडील औषधी, मसाले आणि फळे यांची माहिती संवादरूपाने दिली आहे. आंब्यापासून हिंगापर्यंत सारे त्यात आहे. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक होय.

१५६८ मध्ये ओर्ता वारला. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसले होते. ओर्ताच्या मृत्यूनंतर वर्षभरात त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आले. १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली गेली. आरोप होता छुपे यहुदीपण पाळल्याचा, पण ज्या नजरेने अशा कुटुंबांवर आयुष्यभर पाळत ठेवली जाई ती नजर रक्ताचीच होती. पोर्तुगालमध्ये जुना ख्रिस्ती आणि नवा ख्रिस्ती हा कायदेशीर भेद १७७३ मध्ये रद्द झाला. स्पेनमध्ये रक्तशुद्धीच्या दाखल्यांचे अखेरचे अवशेष १८६५ मध्ये कायद्याने पुसले गेले.

आणखी एक गोष्ट. पोर्तुगीज लोक वाण किंवा वंश या अर्थाने ‘कास्ता’ हा शब्द वापरीत. भारतात येऊन त्यांनी इथल्या जातींना तोच शब्द लावला आणि त्यावरूनच इंग्रजीत ‘कास्ट’ हा शब्द आला. जातीची कल्पना त्यांनी आणली असे नव्हे. ती आपल्याकडे आधीपासून होतीच. पण पाहुण्याला यजमानाच्या घरात आपल्या घरासारखेच काहीतरी दिसले, आणि त्याने त्याला घरचेच नाव दिले.

निळा शब्द कोणाचा?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. रक्त निळे असते का? माणसाचे तरी नाही. रक्तातील लोहयुक्त द्रव्यामुळे ते लाल असते. प्राणवायू घेतलेले रक्त तेजस्वी लाल, प्राणवायू देऊन परतणारे गडद लाल. शिरा निळसर दिसतात तो कातडीतून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रकाशाचा खेळ. निळे रक्त खरोखर पाहायचे असेल तर ते ऑक्टोपससारख्या समुद्री प्राण्यांत सापडते, कारण त्यांच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असते. हृदयाकडून फुप्फुसाकडे आणि परत हृदयाकडे असा रक्ताचा प्रवास तेराव्या शतकात प्रथम नीट सांगितला तो दमास्कसमध्ये शिकलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्नुन् नफीस या वैद्याने. आणि कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली रक्तगट जगापुढे मांडले तेव्हापासून एवढे सिद्ध आहे की रक्त जुळते की नाही हे धर्माने, देशाने वा कुळाने ठरत नाही. उमरावाला वेळप्रसंगी चालेल ते रक्त त्याच्या मोतद्दाराचे असू शकते, सख्ख्या भावाचे नसूही शकते.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात स्पेन-पोर्तुगालमधील आजच्या पुरुषांच्या पितृवंशाच्या खुणा तपासल्या गेल्या. सुमारे १० टक्के खुणा उत्तर आफ्रिकेकडच्या आणि सुमारे २० टक्के यहुदी समाजाशी जुळणाऱ्या निघाल्या. चारशे वर्षे चौकशा करून आणि लाखो माणसे हाकलूनही रक्त काही वेगळे काढता आले नाही.

भाषेचेही तेच. स्पॅनिशमध्ये अरबीतून आलेले हजारो शब्द आहेत. नगराध्यक्षाला तिथे ‘अल्काल्दे’ म्हणतात, तो आपला काझी. जकातनाक्याला ‘आदुआना’ म्हणतात, तो आपला दिवाण. साखरेला ‘असुकार’, जाफरानला ‘असाफ्रान’, आणि आपल्या फलाण्याला ‘फुलानो’! काही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि तेच समुद्रमार्गे स्पॅनिशमध्ये गेले. साखर तर संस्कृत शर्करेपासून निघून तिथवर पोहोचली.

या यादीतला सर्वांत मोलाचा शब्द मी शेवटी राखून ठेवला आहे. तो म्हणजे खुद्द ‘अझुल’. अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणीत जो निळा दगड मिळतो त्याला फारसीत लाजवर्द म्हणतात. आपल्या रसशास्त्रात त्याला राजावर्त असे नाव आहे. लाजवर्द अरबीत गेला आणि अरबीतून स्पॅनिशमध्ये जाऊन ‘अझुल’ झाला. ‘आमच्या रक्तात मूरांचा अंशही नाही’ हे सांगण्यासाठी कॅस्टिलच्या उमरावाने जो शब्द तोंडात घेतला तो मूरांनीच त्याच्या भाषेला दिलेला होता. उर्दूत आजही आपण आकाशाला लाजवर्दी म्हणतो.

वाचकहो, स्पेनच्या उमरावांना हसणे सोपे आहे. पण सोयरिकीची बोलणी निघाली की आपल्या घरांत काय चालते तेही आठवावे. महाराष्ट्रात ‘हाड’ पाहतात. आपण मुसलमान ‘असल’ आणि ‘नसल’ पाहतो. कोणाचा शिजरा अरबस्तानापर्यंत पोहोचतो याची चर्चा होते, आणि पिंजारी, तांबोळी, बागवान, मोमीन, शिकलगार ही नावे उच्चारताना काहींच्या भुवया किंचित वर जातात. अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, ही शिकवण आपण व्यासपीठावरून सांगतो, आणि घरी परतल्यावर मनगट उजेडात धरून पाहतो. ही चौकशी आपल्या घरात चालू ठेवायची आणि इतरांनी ती आपल्याबाबत करू नये अशी अपेक्षा धरायची, हे कसे जमावे?

शिक्षणसंस्था ही त्यावरची एक साधी तोड आहे. वसतिगृहाच्या पंगतीत बागवानाचा मुलगा, खलाशाचा मुलगा आणि जहागीरदाराचा नातू शेजारी शेजारी जेवतात. हजेरीपटावर त्यांच्या आजोबांचा रकाना नसतो. टोलेडो आणि सालामांकाच्या महाविद्यालयांनी तो रकाना उघडला आणि आपल्याच देशाची बुद्धी दाराबाहेर ठेवली. ओर्तासारख्याला आपल्या ग्रंथासाठी गोव्याचा छापखाना गाठावा लागला.

पुढच्या वर्षी तोच उतारा शिकवताना मी हे सारे वर्गात सांगितले. प्रश्न विचारणारा मुलगा तेव्हा शाळा सोडून गेला होता. त्याला द्यायचे राहिलेले उत्तर या अंकात छापून देत आहे. कुठे वाचनात आले तर त्याने ते आपलेच समजावे.